सुटलेले ठिपके

डॉक्टरांना नमस्कार करायला कुणी हात जोडले, की ते त्यातला एक हात अलगद सोडवून घेत, खिडकीच्या उजेडाकडं वळवत आणि नखाच्या मुळाशी एरंडेलाचा एक थेंब टेकवत. मग जाकिटाच्या खिशातून जाड भिंग निघे. समोरचा माणूस बिचारा खोकल्याचं सांगायला आलेला असे.

"डॉक्टर, खोकला छातीत आहे हो."

"छाती कुठं पळून जातेय? बोट हलवू नका."

तुमच्यापैकी ज्यांनी सोलापुरात सात रस्त्याजवळचा तो जुना दवाखाना पाहिला असेल, त्यांना ही खिडकी आठवत असेल. जांभळ्या काचेची एक झडप, दुसरी उघडी. तिथं उभं राहून डॉक्टर माणसांची बोटं वाचत. वाचून झालं की एकच वाक्य बोलत. "हरळी बघावी." रोग्याला वाटायचं, पथ्य सांगितलं. एक म्हातारबुवा खरंच महिनाभर हरळीचा रस पिऊन आले आणि म्हणाले, बराच फरक आहे.

मला कुणी हात पुढं केला तर माझी नजर आजही आधी नखाच्या मुळाशी जाते. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला अंगठ्या बघायची हौस आहे. वाटू द्या. खरं कारण सांगायचं तर माझी एक करामत सांगावी लागते, आणि ती मी आजवर हसत हसतच सांगत आलोय, कारण न हसता ती मला शेवटपर्यंत सांगता येत नाही.

सन सत्तावीस-अठ्ठावीसचा सुमार असेल. मी एका गिरणीत साड्यांच्या काठांची नक्षी काढत असे. लोक मला मास्तर म्हणत, पण मी शिकवत कुणालाच काही नव्हतो. आमचं काम चौकटीच्या कागदावर. बारीक बारीक घरं छापलेला कागद, त्यातलं एकेक घर रंगवायचं. रंगवलेलं घर म्हणजे मागावर तिथं दोरा वर येणार. एक घर चुकलं की ती चूक साडीभर चालत जाते.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी मोरांचा काठ काढला होता. मोराचा डोळा म्हणजे कागदावर एकच घर. ते मी विसरलो. विणून आलेल्या मालावर पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत आंधळे मोर ओळीनं चालले होते. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि तशीच ती गुंडाळून मला सगळ्या खात्यांतून फिरवलं. साडी नेसून गिरणीत हिंडणारा मी पहिला आणि शेवटचा नक्षीकार. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की जन्मात पुन्हा घर रिकामं सोडायचं नाही.

डॉक्टर मला भेटले ते रंगखात्यात. एक उंच, किंचित वाकलेला, काळ्या कोटातला माणूस रंगाच्या पिंपांमधून धोतर सावरत आला आणि चिमूटभर निळा रंग मागू लागला.

"कशाला हवाय?" मी विचारलं.

"माणसाचं कातडं रंगवायचंय."

मी दोन पावलं मागं सरकलो. ते हसले. "जिवंत माणसाचं नाही हो. तोडलेल्या बोटांचं."

मी आणखी दोन पावलं सरकलो.

"हा निळा कच्चा आहे," मी लांबूनच सांगितलं. "कुठं चढतो, कुठं चढत नाही. आणि उन्हाळ्यात उडून जातो."

"चालेल. तुम्ही काय काढता त्या कागदावर? बुट्ट्या?" त्यांनी माझ्या काखेतला कागद ओढून घेतला आणि नाकाला लावून पाहिला. "सुंदर! उद्या दुपारी दवाखान्यात या, बुट्टीवाले."

अशा रीतीनं मी शास्त्राच्या सेवेत शिरलो.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक फळी होती. तिच्यावर ओळीनं बरण्या, आणि प्रत्येक बरणीत एकेक बोट. गिरण्यांचं गाव ते. यंत्रात महिन्याकाठी कुणा ना कुणाची बोटं जायचीच. डॉक्टर ती मागून आणत. ही झाली गिरणीची बोटं, धडधाकट माणसांची. दुसऱ्या फळीवर पायाची बोटं. ही मधुमेहानं सडून कापलेली. डॉक्टर त्यांना साखरेची बोटं म्हणत. दोन फळ्या समोरासमोर, मध्ये माझी खुर्ची. दुपारी ऊन फिरलं की बरण्यांमधली बोटं जरा हलल्यासारखी वाटायची, आणि मी पाठ कुठल्या फळीकडं करावी याचा विचार करत बसायचो.

त्यातल्या एका बोटाला पाहुणे येत. नरसय्या नावाचा विणकर, उजव्या हाताची तर्जनी यंत्राच्या पट्ट्यात गेलेली. महिन्यातून एकदा तो डोक्याचं मुंडासं काढून बरणीसमोर उभा राहायचा.

"डॉक्टरसाब, माझा बोट कसा हाय?"

"उत्तम आहे. तुझ्यापेक्षा धट्टाकट्टा."

"रात्री खाजवतो हितं," तो रिकामी जागा दाखवायचा. "म्हनून बघायला आलो. तिकडं काय चावत तर न्हाय?"

डॉक्टर हसत नसत. बरणी उचलून, चारी बाजूंनी दाखवून, पुन्हा ठेवत. नरसय्या निर्धास्त होऊन जायचा. गेल्यावर मी हसायचो, तर डॉक्टर म्हणायचे, "जे नाही ते त्याला जाणवतं, बुट्टीवाले. आपल्याला आहे ते जाणवत नाही. हसताय काय?"

आता माझं पहिलं शास्त्रीय चित्र. डॉक्टरांनी वस्तऱ्यानं कातड्याचा पापुद्रा काढला, निळ्यात बुडवला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडं वळवला आणि मला बसवलं. मी तासभर घाम गाळून एक उत्कृष्ट चित्र काढलं. काळ्या, वाकड्या, टोकाला निमुळत्या अशा बारा-पंधरा कमानी. डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"ह्या तुमच्या पापण्या आहेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला दिसलं. खरंच दिसलं. केसाहून कितीतरी बारीक अशा रक्ताच्या नळ्या, रोग्यांच्या नखाशी तेल टेकवून डॉक्टर भिंगातून शोधत त्याच, आणि त्या नळ्यांना बाहेरून बिलगलेले निळे ठिपके. ठिपका म्हणजे नुसता ठिपका नव्हे. त्याला दोन्हीकडून बारीक हात फुटलेले आणि ते हात नळीभोवती वेढलेले, जसं मूल पाठीवर बसून गळ्याला मिठी मारतं तसे.

"ह्या पेशी," डॉक्टर माझ्या मागं उभं राहून सांगत होते. "विलायतेतल्या पुस्तकांत त्यांच्यावर चार ओळी असतात. रक्ताबद्दल चारशे पानं, नळीबद्दल चाळीस. आणि जिनं नळी धरून ठेवलीय तिच्याबद्दल चार ओळी. बुट्टीवाले, तलावाचा बांध पाहिलाय ना? बांध कशानं टिकतो?"

"दगडमातीनं."

"माती तर पहिल्या पाण्याला वाहून जाईल. वरती हरळी असते. तिची मुळं माती आवळून धरतात. बांध फुटला की सगळे पाण्याला शिव्या देतात. हरळी आधीच वाळून गेली होती, हे कुणी बघतच नाही."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. मधुमेहात सगळे साखर मोजतात, रक्त तपासतात. पण बारीक नळ्यांवरच्या ह्या पेशी आधी मरतात. धरणारं कुणी राहिलं नाही, की नळी कुठं फुगते, कुठं झिरपते, कुठं बंद पडते. मग डोळे जातात, मग पाय काळे पडतात. हे त्यांनी एकदा मुंबईला डॉक्टरांच्या सभेत सांगून पाहिलं होतं. तिथं कुणीतरी उठून विचारलं, सोलापूरला हरळी बरी उगवते का? सभा खूप हसली म्हणे. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि सांगताना जाकिटाचं एकच बटण लावत आणि काढत.

"पुढच्या खेपेला मी बोलणार नाही," ते म्हणत. "चित्रं मांडणार. गिरणीची एकीकडं, साखरेची एकीकडं. मोजा म्हणणार."

आयुष्यात त्यांना हवं होतं ते एवढंच. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. घर सांभाळायला थोरली बहीण, आक्का. आक्का मंद्रूपला दिलेल्या, नवऱ्यामागं भावाकडं आलेल्या. बोटांच्या फळ्यांवर त्यांचा राग नव्हता. रोज झाडताना त्या बरण्यांची धूळ पुसत आणि मला म्हणत, "मास्तर, च्या घ्या आन् मग बसा. ही कुटं पळत न्हाईत."

साखरेची बोटं मिळवणं मात्र जिकिरीचं. वैराग गावच्या एका अडत्याचा अंगठा कापला, तर त्याचा मुलगा बरणी घेऊन दारात उभा.

"अंगठा आमी नेणार डॉक्टर. उद्या आबा गेले तर अंगठ्यावाचून वर कसं जायचं?"

"कागदाइतका एक पापुद्रा द्या मला. बाकी सगळा अंगठा तुमचा."

मुलगा विचारात पडला. "पापुद्र्यानं अडतील का वर?"

"नाही अडणार. आणि अडवलंच तर माझं नाव सांगा. मी येतोच आहे मागून."

मुलाला ते पटलं. मी हसून हसून रंग सांडला. डॉक्टरांनाही मधुमेह होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुंबईहून त्यांच्यासाठी औषध येई, ते ओल्या वाळूच्या माठात पुरून ठेवलेलं असे, आणि मला वाटे, कसलं तरी लोणचं आहे.

वर्षभर मी रोज दुपारी जात होतो. काच डॉक्टर बनवत, जागेवर बसवत आणि खुर्ची मला देत. "बघा तुम्ही. तुमची नजर तयार झालीय आता." मी फुगून जायचो. एवढा मोठा माणूस आपल्याला खुर्ची देतो! ते स्वतः मात्र डोळा लावायचे बंद झाले होते. इतर गोष्टीही होत्या. एकदा त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कोटाला तीनदा विचारलं, पोट कसं आहे. मला वाटलं, विद्वान माणसं अशीच असतात.

आता ती करामत.

गिरणीच्या बोटांची चित्रं सरळ निघायची. नळीवर ठिपका, जरा अंतरावर दुसरा, पुढं तिसरा, अगदी काठावरच्या बुट्ट्यांसारखे. पण साखरेच्या काचांत घोटाळा व्हायचा. नळी दिसायची, एक ठिपका दिसायचा, आणि पुढं लांबच लांब काहीच नाही. जिथं ठिपका असायला हवा तिथं फिकट, मोकळी जागा. कधी नळीला तिथंच बारीक फुगा आलेला. मी रंगखात्यात वावरलेला माणूस. मी लगेच ओळखलं, रंग चढला नाही! कच्चा निळा, दुसरं काय. सडलेल्या कातड्यावर तो काय चढणार?

मग मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंत. ज्याच्या खांद्यावर आंधळ्या मोरांची साडी पडली होती, तो माणूस काय करणार? नीट अंतरं मोजून एकेक सुटलेला ठिपका मी भरून काढला, त्याला हात काढले, वेढे दिले. फुगे सरळ केले. इतकी निगुतीनं केलेली दुरुस्ती मी गिरणीतसुद्धा कधी केली नव्हती. आणि डॉक्टरांना त्याबद्दल बोललो नाही, का, तर त्यांनी रंगवण्यात कसूर केली असं त्यांना वाटू नये म्हणून!

वर्ष संपल्यावर त्यांनी सगळी चित्रं जमिनीवर मांडली. मी ठिपके ठळक काढले होते, त्यामुळे ते भिंग घेऊन, कागदावर जवळजवळ पालथे पडून, मोजू शकत होते. आठ दिवस मोजत होते. नवव्या दिवशी मी गेलो तर मागच्या अंगणात आक्का बंबात चित्रांचे आणि निबंधाचे कागद घालत होत्या आणि डॉक्टर शेजारी बाजेवर बसले होते.

"चुकलो, बुट्टीवाले," ते म्हणाले. "फरक नाही. गिरणी आणि साखर, सारखीच हरळी. मुंबईकर हसले ते बरोबर हसले."

"सगळा निबंध जाळला?"

"जाळला नाही. पाणी तापवलं. आक्काला आज शास्त्राची आंघोळ."

आक्का हसल्या नाहीत. त्या दिवसापासून डॉक्टर कुणाचं नख बघेनासे झाले. हात जोडले की हात जोडत. रोगी खूष झाले, आता खोकला म्हटलं की खोकल्याचंच औषध मिळत होतं. मला मात्र तो दवाखाना एखाद्या बंद पडलेल्या घड्याळासारखा वाटायचा. काटे जागच्या जागी, पण खोलीत गेलं की काहीतरी थांबलंय हे कळायचं.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून चार-सहा महिन्यांनी एका दुपारी, चहा घेताना, मी माझी फुशारकी सांगितली. आपलं कौतुक आपणच करायची खोड जुनी.

"काही म्हणा डॉक्टर, तुमचा निळा फार कच्चा होता. मी म्हणून निभावलं. दुसरा कुणी असता तर चित्रं तशीच बोडकी राहिली असती."

"बोडकी म्हणजे?"

"म्हणजे ठिपके सुटायचे हो. रंग चढायचा नाही. मी सगळे भरून काढले. एक घर रिकामं ठेवलं नाही!"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"सगळ्याच काचांत सुटायचे?"

"छे. गिरणीच्या बोटांना रंग छान चढायचा. साखरेच्याच काचांत सुटायचे."

बोलता बोलता माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. बाहेर टांगा गेला. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"फुगे होते?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"होते."

"मोकळ्या जागेपाशीच?"

"तिथंच."

डॉक्टर उठले, भिंत चाचपत मागच्या खोलीत गेले आणि काचांची पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. "पुन्हा बघा."

मी एकेक काच उन्हाला धरली. मधे एक सोलापुरी उन्हाळा गेला होता. निळा उडून गेला होता. सगळ्या काचा पाण्यासारख्या स्वच्छ. बरण्यांमधल्या बोटांचे नवे पापुद्रे काढून पाहिले, पण इतके दिवस मुरलेल्या कातड्यावर रंग धरेना. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही स्वतः एकदा बघा ना, मला ओळखता येत नसेल."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. आक्का बोलल्या.

"त्याला दिसत न्हाय, मास्तर. बारीक तर गेल्या दिवाळीच्या आधीपासनं न्हाय. तुमी हाय म्हणून त्यानं दिस काढलं."

मी ओरडा खायला तयार होतो. त्यांनी मला त्या बरण्यांसकट रस्त्यावर काढलं असतं, तर मी आज सुखानं झोपलो असतो. पण ते म्हणाले, "चूक माझी. मी तुम्हाला हरळी दाखवली. ती नसते तेव्हा काय दिसतं, ते दाखवायला विसरलो." आणि जाकिटाचं बटण लावलं, काढलं, लावलं.

अलीकडं मी डोळे तपासायला गेलो होतो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या आग्रहाखातर सांगितलं, की मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नळ्यांवरच्या ह्याच पेशी आधी जातात. त्यांच्या मोकळ्या जागा काचेखाली दिसतात. मग नळीला फुगे येतात, मग गळती. "पण आजोबा, हे तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीच त्या जागा बुजवल्या होत्या." त्यांनी माझी बुबुळं पुन्हा एकदा तपासली.

तर त्या वेळी नवी साखरेची बोटं मिळेनात. वैरागच्या मुलानं गावभर सांगितलं असावं. मी दोन-तीन ठिकाणी हिंडून आलो. मग एके दिवशी आक्कांचा निरोप आला. गेलो, तर डॉक्टर बाजेवर, डावा पाय उशीवर, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं.

"मिळालं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर लग्नघरातला आनंद होता. "घरातच होतं की."

परवा कापणार होते. त्यांनी मला बजावलं. रंग ताजा आणायचा, पापुद्रा लगेच बुडवायचा, काच त्याच दुपारी बघायची. "आणि बुट्टीवाले, दिसेल तेच. ओंगळ दिसलं तर ओंगळ."

"एका पायावर तुमचा निबंध उभा राहील?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

ते मात्र खदखदून हसले. "निबंध नको मला. मला फक्त कळू दे."

कापल्या दिवशी त्यांना घरी आणलं तेव्हा अंगात ताप होता. तरी बाजेवर टेकून, आक्कांनी हात धरलेला, त्यांनी नुसत्या स्पर्शानं वस्तरा चालवला. स्वतःच्या बोटाचा पापुद्रा. इतका पातळ की उजेड आरपार. मी तो बुडवला, काचेवर घेतला, आरसा वळवला. बाज त्यांनी खुर्चीला खेटून लावून घेतली होती.

मी डोळा लावला. नळी दिसली, एक ठिपका दिसला, पुढं काही नाही. लांबवर काही नाही. नळीला एका अंगाला फुगा, मग पुन्हा नुसती उघडी नळी, अंगावरचं कापड कुणी काढून घेतल्यासारखी. मी काढू लागलो. आणि खोटं कशाला सांगू, माझा हात शिवशिवत होता. प्रत्येक मोकळ्या जागेवर कुंचला आपोआप टेकायला जाई. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरून चित्र काढलं. माझ्या मागं ते श्वास घेत होते. दोन्ही फळ्या भिंतीवर होत्या, आणि त्या दुपारी मला एकाही बरणीची भीती वाटली नाही.

"सांगा," ते म्हणाले.

"रिकाम्या आहेत, डॉक्टर. सगळ्या पट्ट्यात दोन ठिपके. बाकी सगळ्या जागा रिकाम्या. फुगे आहेत. तुम्ही म्हणत होता तसंच आहे."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"खरं?"

"तुमच्या गळ्याशपथ."

"पहिल्या चित्रांच्या वेळी विचारलं असतं, तर तेव्हाही तुम्ही शपथ घेतली असती."

असती. घेतली असती मी. मग मला सुचलं, की दुसरा साक्षीदार आणावा. काच संध्याकाळपर्यंत टिकली असती. मी चप्पल न घालताच धावलो. सात रस्त्यापलीकडं एक नवे डॉक्टर बसत, त्यांना दुपारच्या झोपेतून उठवून, हाताला धरून आणलं. वाटेत सगळं सांगितलं. तेच चुकलं माझं. माझ्या हातून जे भलं होतं, ते नेहमी असंच होतं.

नव्या डॉक्टरांनी बाजेवरच्या माणसाकडं पाहिलं, तापलेला हात हातात घेतला, मग वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला न लावला, आणि आजाऱ्याशी बोलायच्या त्या गोड आवाजात म्हणाले, "अगदी बरोबर, डॉक्टरसाहेब! अगदी तुमच्या म्हणण्याप्रमाणं. आता शांत पडा बरं."

ते गेल्यावर खोलीत ऊन उतरलं होतं. डॉक्टर छताकडं तोंड करून पडले होते.

"त्यांनी नजर जुळवायचा स्क्रू फिरवला नाही," ते म्हणाले. "आवाज आला नाही. त्यांच्या डोळ्याला ते चित्र धुरकट दिसलं असणार. त्यांनी काहीच बघितलं नाही."

"मी फिरवला होता, डॉक्टर. मी बघितलं."

"हो. तुम्ही फिरवला होता. मी ऐकला."

"मग?"

त्यांनी चाचपत माझा हात शोधला. मला वाटलं, आता उजेडाकडं वळवतील, नख बघतील. पण त्यांनी तो नुसता धरून ठेवला, आणि इतक्या दिवसांत कधी हाक मारली नव्हती तशी मारली.

"बाळ, तू फार चांगला माणूस आहेस रे."

माझं सांगणं त्यांनी मायेचं खोटं मानलं होतं. मी शपथा घेतल्या, कागद त्यांच्या हातात दिला, एकेका रिकाम्या जागेवर त्यांचं बोट टेकवलं. ते मान हलवत राहिले, लहान मुलाचं बोबडं गाणं ऐकताना हलवतात तशी. ताप उतरला नाही. आठवड्याच्या आत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी आक्कांना भेटायला गेलो. नरसय्या त्याचं बोट पंच्यात गुंडाळून घेऊन गेला होता. बाकीच्या बरण्या आक्कांनी कुठं पुरल्या, ते मी विचारलं नाही. फळ्यांवर नुसते बरण्यांच्या बुडांचे गोल उमटलेले होते. मी माझा कागद आक्कांना दाखवला. त्या अक्षरओळख नसलेल्या, पण कागद त्यांनी दोन्ही हातांत नीट धरला.

"हितं काय न्हाय," एका मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या.

"नाहीच आहे आक्का. तेच तर ते म्हणत होते."

"म्हंजी त्याचं बरोबर हुतं? खरंच हुतं?"

"बरोबर होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले, कागद हलक्या हातानं घडी करून मला परत दिला, आणि म्हणाल्या, "लई चांगलं माणूस हाय तुमी, मास्तर. बसा, च्या टाकते."